पेन्सिलवाल्यांचा हेन्री

१९८० साली मी बँकेत कारकून म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी हेडक्लार्कनी माझ्यापुढे एक लेजर ठेवलं, एक पेन ठेवलं आणि एक पेन्सिल ठेवली. पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवायला सांगितलं. बेरीज आधी पेन्सिलीनं, पानाच्या तळाशी, बारीक आकड्यांत. सगळ्या पानांची बेरीज जनरल लेजरशी जुळली की मगच शाई. आमच्या शाखेत संगणक येईपर्यंत माझं आयुष्य या एका नियमावर चाललं. जून आणि डिसेंबरच्या क्लोजिंगला रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत आम्ही फरक शोधत बसायचो. फरकाला नवानं भाग गेला, की कुणीतरी ५४ चे ४५ करून ठेवले आहेत असं ओळखायचं. चूक सापडली की खोडरबरानं जुनी बेरीज पुसायची, फुंकर मारायची आणि नवी लिहायची. शाईनं लिहिलेली चूक म्हणजे खाडाखोड, खाडाखोड म्हणजे वर सही, आणि सही म्हणजे उद्या इन्स्पेक्शनला खुलासा. पेन्सिल मात्र माणसाला चुकू द्यायची आणि कुठे वाच्यता करायची नाही.

मला पेन्सिल आवडू लागली ती तेव्हापासून. पुढे अधिकारी झाल्यावर लाल-निळी पेन्सिल हातात आली, पण जीव जडला तो साध्या काळ्या पेन्सिलीवरच. माझ्या सगळ्या कादंबऱ्या मी पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनंच लिहिल्या. टोक काढताना येणारा लाकडाचा वास, गोल गोल निघणारी साल, बोट बोट झिजत जाऊन शेवटी चिमटीत न मावणारं थोटूक! हे थोटूक टाकून देणं मला कधी जमलं नाही. एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात अशी पन्नास-साठ थोटकं आहेत. घरच्यांनी तो डबा टाकून देण्याचे प्रयत्न केले आणि सोडून दिले.

आपण मराठीत तिला शिसपेन्सिल म्हणतो. लहानपणी पाटीवरची पेन्सिल वेगळी आणि कागदावरची वेगळी, म्हणून तो शब्द पडला असणार. गंमत अशी, की शिसपेन्सिलीत शिसं औषधालाही नसतं. असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाचं आणि हिऱ्याचं भावंड. इंग्लंडमधल्या बॉरोडेलला सोळाव्या शतकात ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला. तो काळा, चकचकीत दगड बघून लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. चूक कळेपर्यंत नाव पडून गेलं होतं. आणि नाव एकदा पडलं, की ते खोडरबरानं पुसलं जात नाही.

या पेन्सिलीच्या वाटेनंच मी एका माणसापर्यंत पोचले. खरं तर त्याचं नाव मला आधीपासून ठाऊक होतं. दुर्गाबाई भागवतांनी केलेला त्याच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’, मी नोकरी लागल्यावर दोन-तीन वर्षांत घेतला होता. जंगलात एकटा राहिलेला, कर न भरता तुरुंगात गेलेला, गांधीजींनी वाचलेला हेन्री डेव्हिड थोरो, एवढी माहिती शाळेतून आणि त्या पुस्तकातून झाली होती. तो पेन्सिली बनवायचा, पेन्सिलीच्या कारखानदाराचा मुलगा होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हापासून तो मला ऋषी वाटेनासा झाला. आमच्या बँकेत कर्जाला येणाऱ्या लघुउद्योजकांपैकी एखाद्याचा हुशार, विक्षिप्त मुलगा वाटू लागला.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कॉर्ड नावाचं गाव आहे. तिथे १२ जुलै १८१७ रोजी त्याचा जन्म झाला. बारशाला ठेवलेलं नाव डेव्हिड हेन्री. कॉलेजातून बाहेर पडल्यावर यानं ते आपलं आपणच उलटं करून घेतलं. वडील जॉन थोरो स्वभावानं अबोल. बरेच उद्योग करून कशातच जम न बसलेले. आई सिंथिया बोलकी, करारी. घरात भाडोत्री माणसं ठेवून, त्यांना जेवूखाऊ घालून संसार रेटणारी. आईच्या भावाला, चार्ल्स डनबारला, १८२१ साली न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रिस्टॉल इथे ग्रॅफाइटचा साठा सापडला. मामाला खाण सापडली आणि दोन वर्षांनी मेहुणा धंद्यात शिरला. हळूहळू धंदा मेहुण्याचाच झाला आणि गावात हे कुटुंब पेन्सिलवाले म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्या पैशांतून आणि घरच्यांच्या काटकसरीतून हेन्री हार्वर्डला शिकला.

१८३७ साली तो पदवी घेऊन बाहेर पडला. नेमकं तेच मोठ्या मंदीचं वर्ष होतं. नोकऱ्या मिळत नव्हत्या. याला गावच्याच शाळेत मास्तरकी मिळाली. दोनेक आठवड्यांत शाळा समितीचा एक सभासद वर्गात डोकावला आणि मुलांना छडी का लावत नाही म्हणून त्यानं याला झापलं. हेन्रीनं सहा मुलं निवडली, कुठल्याही कारणाशिवाय त्यांना मारलं, आणि संध्याकाळी राजीनामा दिला. या गोष्टीचं कौतुक केलं जातं. मला मात्र त्या सहा पोरांची कीव येते. तत्त्व याचं आणि छड्या त्यांना. बहुधा त्यालाही ते खुपलं असावं, कारण पुढे थोरल्या भावाबरोबर, जॉनबरोबर, त्यानं स्वतःची शाळा चालवली, तीत छडी नव्हती.

शाळा सुटल्यावर तो कारखान्यात आला. कारखाना म्हणजे घराला लागून असलेलं काम. तेव्हाची अमेरिकन पेन्सिल म्हणजे दिव्यच होतं. ग्रॅफाइटची भरड पूड सरस आणि मेणचट पदार्थांत कालवायची आणि लाकडात भरायची. लिहिताना ती कधी खरखरायची, कधी फासायची, कधी तुटायची. चांगली पेन्सिल हवी तर ती इंग्लंडची किंवा जर्मनीची. फ्रान्समध्ये कॉन्टे नावाच्या माणसानं १७९५ सालीच तोड काढली होती. इंग्लंडशी युद्ध सुरू झाल्यामुळे तिकडचं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा त्यानं हलक्या ग्रॅफाइटची पूड मातीत मळून भट्टीत भाजली. पण ती युक्ती कॉन्कॉर्डपर्यंत पोचली नव्हती. हेन्रीनं खटपट करून माती आणि ग्रॅफाइट यांचा मेळ घातला. माती जास्त घातली की पेन्सिल कडक होते, कमी घातली की मऊ, हे लक्षात आल्यावर त्यानं १ ते ४ अशा क्रमांकाच्या पेन्सिली काढल्या. दळण बारीक व्हावं म्हणून जात्याभोवती उंच पेटी उभी केली. हलकी, बारीक धूळ हवेबरोबर वर चढून वेगळी साठायची आणि भरड तेवढी खाली राहायची. आपल्याकडे सुपानं पाखडतात त्याच जातीची ही अक्कल. थोड्याच काळात थोरोंच्या पेन्सिली देशात सर्वांत उत्तम ठरल्या.

त्याचा मित्र आणि गुरू राल्फ वाल्डो इमर्सन यानं पुढे एक गोष्ट सांगितली आहे. हेन्रीला पेन्सिलींच्या खोक्यात हात घालून न मोजता नेमक्या बारा पेन्सिली उचलता यायच्या, दर वेळी. हे वाचलं आणि मला आमचे कॅशियर आठवले. नोटांची गड्डी हातात घेतली की ९९ आहेत हे त्यांना बोटांनी कळायचं. इमर्सननं असंही लिहिलं आहे, की आपली पेन्सिल लंडनच्या पेन्सिलीच्या तोडीची झाल्याचे दाखले हाती आल्यावर हेन्रीनं आता पुन्हा पेन्सिल करणार नाही असं सांगून टाकलं. जे एकदा साधलं ते परत कशाला करायचं? वाक्य शोभिवंत आहे, पण घरच्या धंद्यातून अशी सुटका कुणाची होत नाही. त्याचीही झाली नाही. पैशाची निकड आली की तो परत जात्याशी उभा राहायचा.

१८४२ च्या जानेवारीत जॉन वारला. वस्तरा परजताना बोटाला किंचित कापलं होतं. धनुर्वात झाला आणि काही दिवसांत भावाच्या मांडीवर तो गेला. नंतर हेन्रीचाही जबडा आखडला, तीच लक्षणं दिसू लागली. घरच्यांना वाटलं, हाही चालला. त्याच्या अंगावर साधी जखमही नव्हती. तो बरा झाला, पण महिनोन् महिने गप्प होता. तीन वर्षांपूर्वी, १८३९ साली, दोघं भाऊ स्वतः बांधलेल्या होडीतून दोन आठवडे नदीवर फिरून आले होते. त्या प्रवासाचं पुस्तक करायचं त्याच्या मनात धरलं गेलं. जॉनसाठी त्याला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

मधल्या काळात एक लाजिरवाणी गोष्टही घडली. १८४४ च्या एप्रिलमध्ये मित्राबरोबर मासे शिजवायला म्हणून यानं काठावर चूल पेटवली, वारा सुटला आणि सुमारे तीनशे एकर रान जळालं. पुढे जगभर रानाचा मित्र म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला गावातले लोक कितीतरी दिवस रान जाळणारा म्हणत होते. ही गोष्ट त्यानं सहा वर्षं स्वतःच्या रोजनिशीतसुद्धा नीट लिहिली नाही. आम्ही बँकेत असल्या नोंदीला सस्पेन्स खातं म्हणायचो.

४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठच्या खोपटात राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी परत आला. दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस. जागा इमर्सनची, कुऱ्हाड उसनी, घर दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. गावापासून दीडेक मैल. म्हणजे हिमालयात वगैरे नव्हे. दादरहून शिवडीला जाण्याइतकं. तिथे जाऊन त्यानं भावाचं पुस्तक लिहिलं, तळ्याची खोली दोरीनं मोजून १०२ फूट नक्की केली, आणि जमाखर्च लिहिला.

त्या जमाखर्चावर माझं प्रेम आहे. कादंबरीकार म्हणून दुसऱ्या पानांवर असेल, पण बँकेतली बाई म्हणून याच पानांवर. घराचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यात फळ्या आहेत, एक हजार जुन्या विटा आहेत, चुना आहे, खिळे आहेत, आणि खडू १ सेंटचा आहे. शेतीचा खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट. आठ महिन्यांचं खाणं ८ डॉलर ७४ सेंट. कपडे आणि दिव्याचं तेल धरून एकूण ६१ डॉलर पावणेशंभर सेंट. जमेला शेतमाल २३ डॉलर ४४ सेंट आणि मजुरी १३ डॉलर ३४ सेंट. खर्च जमेपेक्षा २५ डॉलर पावणेबावीस सेंट जास्त. मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं सगळ्या बेरजा करून पाहिल्या. पाव सेंटाचाही फरक निघाला नाही. अशा माणसाला आमच्या शाखेत क्लोजिंगला घ्यायला कुणाचीच हरकत नसती.

पण इन्स्पेक्शनला आलेला माणूस दोन शेरे मारल्याशिवाय राहिला नसता. पहिला : धुणं आणि फाटकं शिवणं या खर्चाची बिलं अजून आलेली नाहीत असं त्यानं स्वतःच नमूद केलं आहे. ती बिलं कधीच आली नसावीत, कारण कपडे घरी जात होते, आई आणि बहिणींकडे. बाईमाणसाच्या नजरेतून ही नोंद सुटत नाही. तशी त्या बायकांची नुसती धुण्यापुरती आठवण ठेवणंही बरं नाही. गुलामगिरीच्या विरोधात गावातल्या बायकांनी १८३७ साली जी संस्था काढली, तिच्यात या घरातल्या बायका होत्या. हेन्रीचा राजकीय विचार बराचसा स्वयंपाकघरातून आला आहे. दुसरा शेरा असा : इतकी बारीक नोंद करणाऱ्याच्या यादीत खडू आहे, पेन्सिल नाही. कशी असेल? ती घरची होती. पुढे त्यानं मेनच्या जंगलात बारा दिवस जायचं तर काय काय बरोबर घ्यावं याची लांबलचक यादी केली. सुई-दोरा, जुनं वर्तमानपत्र, कागद, तिकिटं. हेन्री पेट्रोस्की नावाच्या अभियंत्यानं पेन्सिलीचा मोठा इतिहास लिहिला आहे. त्यानं दाखवून दिलं, की त्याही यादीत पेन्सिल नाही. आणि हा गडी तर रोज खिशात पेन्सिल घालून फिरायचा, चालता चालता टिपणं करायचा आणि घरी येऊन शाईनं रोजनिशीत उतरवायचा. १९०६ साली ती रोजनिशी छापली तेव्हा तिचे चौदा खंड झाले. आमच्याच बँकेचा नियम, आधी पेन्सिल, मग शाई.

तुरुंगाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. जुलै १८४६ मध्ये तो चांभाराकडे टाकलेला जोडा आणायला गावात गेला असताना त्याला अडवलं. गुलामगिरीला सांभाळणाऱ्या आणि मेक्सिकोवर चढाई करणाऱ्या सरकारला त्यानं काही वर्षं डोईपट्टी दिली नव्हती. एक रात्र तो कोठडीत राहिला. कुणीतरी, बहुधा आत्यानं, परस्पर पैसे भरले आणि सकाळी त्याला बाहेर काढलं. आत्यावर तो रागावला. पण त्या एका रात्रीवरून १८४८ साली दिलेलं व्याख्यान १८४९ मध्ये छापलं गेलं आणि १९०७ साली ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हातात पडलं. दुर्गाबाईंनी हा माणूस मराठीत आणला आणि आणीबाणीत १९७६ साली त्याही तुरुंगात गेल्या. अनुवाद करताना कुठला शब्द कुठे जाऊन रुजेल ते सांगता येत नाही. गांधीजी आणि पेन्सिल यांचीही एक गोष्ट आहे. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन असताना ते एक बोटभर पेन्सिल शोधत बसले. काका कालेलकर आपली द्यायला लागले, ती घेईनात. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलानं दिलेलं ते थोटूक होतं आणि तेच हवं होतं. माझ्या बिस्किटाच्या डब्याला नावं ठेवणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवते.

वॉल्डनकाठी तो आपली गीता वाचत होता, चार्ल्स विल्किन्सचं १७८५ चं इंग्रजी भाषांतर. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभरेक मजूर येऊन त्याच्या तळ्यातलं बर्फ कापू लागले. बॉस्टनच्या ट्यूडरचा धंदा असा, की तिथल्या तळ्यांतलं बर्फ भुशात बांधून जहाजानं कोलकाता, चेन्नई आणि मुंबईपर्यंत पाठवायचं. गीता इकडून गेली, बर्फ तिकडून आलं. वॉल्डनचं पाणी आणि गंगेचं पाणी एक झाल्याचं चित्र त्यानं रंगवलं आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. भावाच्या आठवणीचं पुस्तक १८४९ मध्ये निघालं. एक हजार प्रती, आणि न खपल्यास खर्च लेखकानं द्यायचा. पुस्तक पडून राहिलं. कर्ज फेडायला यानं हजार डॉलरच्या पेन्सिली केल्या आणि त्या पडेल भावात काढून टाकून शंभर डॉलर फेडले, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. १८५३ च्या ऑक्टोबरात प्रकाशकानं उरलेल्या ७०६ प्रती गाडीत घालून घरी पाठवल्या. त्यानं त्या पाठीवर वाहून दोन जिने चढवल्या. आता आपल्याकडे नऊशेच्या आसपास ग्रंथ आहेत आणि त्यातले सातशेवर आपणच लिहिलेले आहेत, असा विनोद त्याच रात्री रोजनिशीत केला. आणि त्याच रात्री, तितक्याच उत्साहानं, पुढचं लिहायला बसला. वर्षभरानं, १८५४ मध्ये, ‘वॉल्डन’ छापून आलं. त्याच्या दोन हजार प्रती संपायला पाच वर्षं लागली.

माझी पहिली कादंबरी १९९६ साली आली. तिच्या ४१२ प्रती तीन वर्षांनी टेम्पोतून घरी आल्या. आम्ही त्या माळ्यावर चढवल्या. मी विनोद केला नाही आणि दीड वर्ष काही लिहिलंही नाही.

थोरोंचा पेन्सिलीचा धंदा पुढे मागे पडला. हेन्रीच्या जात्यातून निघणारी अतिबारीक पूड छपाईच्या नव्या तंत्राला हवी होती आणि पेन्सिलीपेक्षा तिला भाव जास्त होता. घरात ती काळी धूळ होतीच, आणि क्षय त्या घराण्यात होता. बहीण हेलन १८४९ साली क्षयानंच गेली. १८५९ मध्ये वडील वारले आणि कारभार त्याच्यावर आला. जमीन मोजणीची कामं, धंद्याच्या ऑर्डरी, बिलं, आणि उरलेल्या वेळात रान. १८६० च्या डिसेंबरात झाडांच्या बुंध्यांवरची वर्तुळं मोजत असताना गारठ्यानं त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली. हवापालट म्हणून मिनेसोटाला जाऊन आला, गुण आला नाही. शेवटचे महिने बहीण सोफियाच्या मदतीनं तो हस्तलिखितं नीट लावत बसला होता. ६ मे १८६२ रोजी सकाळी तो गेला. वय ४४.

ज्या वस्तूवर आपण जितकं आयुष्य खर्च करतो तितकी तिची खरी किंमत, असा त्याच्या सगळ्या हिशेबाचा रोख आहे. २००० साल संपता संपता सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. आमच्या शाखेतले चार जण गेले. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते, नोकरीची वीस वर्षं झालेली. मीही फॉर्म आणला आणि नियमाप्रमाणे आधी पेन्सिलीनं भरला. मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. मिळणारी रक्कम, घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते, मुलीचं शिक्षण, सासूबाईंची औषधं, महिन्याचा किराणा, आणि जमेला काही नाही धरून लिहायला मिळणारी वर्षं. दोनदा तपासलं. खर्च भागत होता.

पुढे लोकांना मी सांगत आले की तेव्हा हिशेब बसला नाही. २०१९ साली साठ पुरी होऊन रीतसर निवृत्त झाले, तेव्हाच्या निरोपाच्या भाषणातही तेच सांगितलं. फॉर्म दुर्गाबाईंच्या पुस्तकात आहे, जमाखर्चाच्या पानांशी. कागद कडेनं पिवळा पडला आहे. शाई असती तर फिकी झाली असती. ग्रॅफाइट उडत नाही. नाव, पद, शाखा, रुजू झाल्याची तारीख, सगळं वाचता येतं. हिशेबही वाचता येतो, आणि तो बरोबर आहे. सहीची जागा तेवढी कोरी आहे.